निर्मळ क्षिप्रेचा आरंभ देवघरात

उज्जैनचा राम घाट हा सिंहस्थातील मुख्य स्नानघाट. २०१६ साली तेथे पर्वस्नान झाले. पुढील सिंहस्थ २०२८ साली आहे. त्याच २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन घातले. तरीही निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नदीत सोडण्यास आपल्यापैकी कित्येक जण पुण्यकर्म समजतात. फुले पाण्यात कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. तीच फुले मातीत कुजली तर खत होते. घाटावर मिसळलेला कचरा निवडणे कठीण, देवघरात ते क्षणाचे काम. म्हणून फुले-पाने खताच्या कुंडीत घालावीत, दोरा व जर वेगळी काढावी, पिशवी पुनर्प्रक्रियेसाठी द्यावी आणि क्षिप्रामाईस केवळ नमस्कार अर्पण करावा, अशी आम्ही सर्व भाविकांस नम्र विनंती करतो.