यात्रेत मागे कोण राहिले?

यात्रा ही ख्रिस्तसभेची फार जुनी साधना आहे. तिच्याविरुद्ध लिहिण्याचा आमचा मानस नाही. यात्रा या शब्दाला आज जो अर्थ चिकटू पाहत आहे, त्यातून तिची सोडवणूक व्हावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नावडे, तळोजा, कळंबोली, पनवेल या पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबांना तो अर्थ चांगला परिचयाचा आहे. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की रंगीत पत्रके हाती पडू लागतात. पवित्र भूमी, रोम, लूर्ड, फातिमा. दहा-अकरा दिवसांचा प्रवास, उत्तम हॉटेले, भारतीय जेवण आणि सोबत आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून एक धर्मगुरू. तळाशी माणशी रक्कम छापलेली असते, ती लाखांच्या घरात. मिस्सा संपताना वेदीवरून तिची घोषणा होते. ज्यांना परवडते ते नाव नोंदवितात; ज्यांना परवडत नाही ते पत्रकाची घडी करून खिशात ठेवतात आणि घरची वाट धरतात.

नावडे हे एके काळी भातखाचरांचे गाव. आज त्याच्या एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या इमारती. या परिसरात पोटासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून माणसे आली. त्यांत कंत्राटी कामगार आहेत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत, कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करणारे पहारेकरी आहेत. रविवारी ही माणसे आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी बसतात. सुट्टीच्या पत्रकात मात्र त्यांना जागा नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : यात्रेचे मोल ती किती दूरची यावरून ठरत नाही. बरोबर कोण आले आणि मागे कोण राहिले, यावरून ते ठरते. धर्मग्रामातील गरीब माणूस केवळ पैशापायी मागे राहत असेल, तर त्या प्रवासाला सहल म्हणावे, भक्तिभावाची सहल म्हणावे. धर्मग्रामाची तीर्थयात्रा म्हणू नये.

हे आमच्या मनचे नाही. यात्रेचा कायदा पवित्र शास्त्रातच आहे. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना वर्षातून तीनदा परमेश्वराने निवडलेल्या स्थानी जाण्याची आज्ञा दिली आहे. त्याच अध्यायात, त्या स्थानी आनंद कोणाबरोबर करावा याची यादीही आहे : मुलगा व मुलगी, दास व दासी, वेशीच्या आतला लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा. स्वतःची जमीन नसलेली, दुसऱ्याच्या आधाराने राहणारी बहुतेक माणसे त्या यादीत आली आहेत. पुढे असेही सांगितले आहे की कोणी रिकाम्या हाताने येऊ नये, मात्र प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यावे. म्हणजे देणे ऐपतीप्रमाणे आणि येणे सर्वांचे. आपण ते नेमके उलटे केले आहे. आपल्याकडे दर सर्वांना एकच आणि येणे मात्र ऐपतीप्रमाणे.

नाझरेथच्या कुटुंबाकडे पाहा. बाळ येशूला मंदिरात अर्पण करताना मरिया व योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी वाहिली असे संत लूक सांगतो. कोकरू आणण्याची ऐपत नसलेल्यांसाठी नियमशास्त्राने ठेवलेले ते अर्पण होते. आणि हेच गरीब कुटुंब वल्हांडणासाठी दरवर्षी जेरुसलेमला जात असे, हेही लूकच सांगतो. ते त्यांना कसे जमले? उत्तर पुढल्याच प्रसंगात आहे. बारा वर्षांचा येशू मागे राहिला, तरी एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत आईवडिलांना ते कळले नाही. तो सोबतच्या मंडळींत असेल, असे त्यांनी गृहीत धरले आणि नंतर त्याला नातलगांत व ओळखीच्यांत शोधले. हा निष्काळजीपणा खचितच नव्हता. मूल कोणाच्याही बरोबर चालत असेल आणि कोणाच्याही शिदोरीतून खात असेल, इतका विश्वास त्या मेळ्यात होता. गाव एकत्र निघत होते, म्हणून गरिबालाही निघता येत होते.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन सांगावे लागू नये. पंढरीच्या वाटेवरची दिंडी ही जगाला ठाऊक असलेली गोष्ट आहे. तिथे माणूस एकटा निघाला तरी दिंडीत चालतो. आपल्या समाजापुरते बोलायचे तर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हरेगावची मतमाउलीची यात्रा आहे. श्रीरामपूरजवळचे हे गाव एके काळी साखर कारखान्यामुळे ओळखले जाई. सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, मराठवाड्यातून, नाशिक-पुण्याकडून आणि मुंबईकडून माणसे तिथे लोटतात. एसटी, टेम्पो, दुचाकी, जे मिळेल ते वाहन घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्यांत शेतमजूर असतात, ऊसतोड करणारे असतात आणि ख्रिस्ती नसलेले भाविकही असतात. जातीच्या उतरंडीत ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीपाशी थांबविले गेले, त्यांची ही यात्रा आहे. माउलीपाशी आपल्याला कोणी अडवीत नाही, हा अनुभव त्यांच्या दृष्टीने साधासुधा नाही.

वांद्र्याच्या मोत मावलीचेही तेच. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालणाऱ्या जत्रेत कोळी येतात, हिंदू येतात, पारशी येतात. १९०४ साली बांधलेल्या त्या मंदिराबाहेर मेणाचे हात, पाय, घरे, बाहुल्या विकल्या जातात. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी बेळगाव, कारवार व सावंतवाडीकडून भाविक आजही पायी जातात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संताच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घडले, तेव्हा त्या रांगेत सर्व थरांतील माणसे एकामागे एक उभी होती.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

पहिला आक्षेप सुशिक्षितांचा. जत्रेत गोंगाट असतो, नवस असतात, मेणाचे पाय वाहणे ही अंधश्रद्धा आहे, असे ते म्हणतात. जत्रेत शुद्धीकरणास वाव आहे हे आम्हांस मान्य आहे. लोकभक्तीविषयी व्हॅटिकनने २००१ साली काढलेल्या मार्गदर्शिकेनेही तिचे शुद्धीकरण सुचविले आहे, पण तिची अवहेलना करू नये असेही बजावले आहे. मेणाचा पाय विकत घेणाऱ्या बाईला स्वतःच्या पायाची वेदना ठाऊक असते. ती देवापुढे तिचे दुखणेच ठेवते. विमानाने जाऊन मुलाच्या व्हिसासाठी मेणबत्ती लावणाऱ्याची मागणी तिच्याहून अधिक आध्यात्मिक कशी, हे आम्हांस उमगलेले नाही.

दुसरा आक्षेप भाविकांचाच. देव सर्वत्र आहे, मग कुठेही कशाला जायचे? या आक्षेपाला मोठी परंपरा आहे. खुद्द बेथलेहेमात राहणाऱ्या संत जेरोमने इ. स. ३९५ च्या सुमारास पाउलिनुसला लिहिलेल्या पत्रात कळविले होते की जेरुसलेमात असणे ही थोरवी नसून तिथे नीट जगणे ही थोरवी आहे, आणि स्वर्गाची वाट ब्रिटनमधूनही तितकीच खुली आहे. अगदी खरे. परंतु देव सर्वत्र असला तरी माणूस सर्वत्र नसतो. तो आपल्या घरात, आपल्या पगारात, आपल्या ओळखीच्या चार माणसांत अडकलेला असतो. त्याला तेथून हलविण्यासाठी यात्रा आहे. आपल्याच वर्गातल्या माणसांबरोबर वातानुकूलित बसमध्ये बसून तो जगाच्या टोकाला गेला, तरी तेथून हललेला नसतो.

तिसरा आक्षेप असा की पवित्र भूमी पाहिल्याने शुभवर्तमान जिवंत होते, त्यापासून लोकांना का रोखता? आम्ही कोणालाही रोखत नाही. ज्याला शक्य आहे त्याने अवश्य जावे. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना यात्रेकरूंची गरजही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि बेथलेहेमचे रस्ते ओस पडले. २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी तिथला नाताळचा सार्वजनिक सोहळा रद्द झाला आणि ऑलिव्हच्या लाकडावर कोरीव काम करून जगणाऱ्या घरांची चूल अडचणीत आली. जाणाऱ्याने त्या माणसांना भेटावे, त्यांच्या मिस्सेला बसावे, नुसते दगड पाहून परतू नये. आमची हरकत एवढीच की कुटुंबाच्या खासगी प्रवासाला वेदीवरून धर्मग्रामाच्या यात्रेचा मान देऊ नये.

आता थोडे जवळच्या यात्रेविषयी. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. त्यांच्या निधनानंतर ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ते बंद केले. 'आशेचे यात्रेकरू' हे त्या वर्षाचे ब्रीद होते. रोमला जाऊन आलेल्यांचे कौतुक आपण ऐकले. पण त्या वर्षाच्या दंडविमोचनाचे जे नियम मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतील एक गोष्ट आपल्या कानांपर्यंत फारशी पोचली नाही. आजारी, तुरुंगातील कैदी, एकाकी वृद्ध आणि अपंग यांना भेटणे म्हणजे त्यांच्यात वसणाऱ्या ख्रिस्ताकडे यात्रा करणे होय, असे त्या नियमांनी सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी एक पवित्र द्वार रोममधील रेबिबिया तुरुंगात उघडले, ते याच अर्थाने.

नावड्याहून काही किलोमीटरांवर तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. झारखंडमध्ये आदिवासींसाठी आयुष्य वेचलेले जेज्वीट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाल्यावर तिथेच ठेवले होते. त्यांचे वय तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि त्यांना पार्किन्सनचा आजार होता. हाताच्या कंपामुळे पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यांनी आपल्यावरील आरोप नाकारले होते. ते सिद्ध झाले नाहीत. खटला उभा राहण्यापूर्वीच, कोठडीत असताना, ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मोत मावलीच्या जत्रेसाठी आपण ज्या वांद्र्याला उतरतो, तेच हे वांद्रे. त्या कारागृहाच्या भिंतीआड आजही माणसे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचे खटले अद्याप निकाली निघालेले नाहीत. 'मी बंदिशाळेत होतो' असे म्हणणारा प्रभू आपल्याच धर्मग्रामाच्या शेजारी असताना त्याचा शोध केवळ परदेशात घेणे शोभत नाही.

म्हणून धर्मग्राममंडळांपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. पहिली, माणशी दराच्या सहलींची घोषणा वेदीवरून करणे बंद व्हावे. फलकावर चिकटविण्यास हरकत नाही. दुसरी, वर्षातून एकदा संपूर्ण धर्मग्रामाची एक यात्रा निघावी, हरेगावला, वांद्र्याला किंवा पनवेलहून कोकण रेल्वेने जुन्या गोव्याला. तिचा खर्च सामाईक पेटीतून व्हावा, त्या पेटीत प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बंद पाकिटातून टाकावे, आणि नावांची यादी विधवा, वृद्ध व कंत्राटी कामगार यांच्यापासून सुरू व्हावी. तिसरी, यात्रेच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक यात्रेकरूने एका आजाऱ्याच्या, एकाकी वृद्धाच्या किंवा कैद्याच्या घरी जाऊन यावे. प्रत्यक्ष तुरुंगात जाण्यास नियमांची अडचण येते; तिथे भारतीय ख्रिस्तसभेच्या कारागृहसेवेची मदत घेता येईल. कैद्याच्या बायकोमुलांचे दार ठोठावण्यास मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पैसा कुठून येणार, असे विचारले जाईल. सणाच्या रोषणाईतून, मंडपातून आणि ध्वनिक्षेपकांतून थोडा वाचला तरी एका गाडीचे भाडे निघेल. उरलेले ज्यांच्याजवळ आहे त्यांनी द्यावे; नाहीतरी परदेशी सहलीसाठी त्यांनी ते बाजूला ठेवलेलेच असते.

यात्रेची गाडी सुटण्यापूर्वी डोकी मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. जे आले त्यांची मोजणी होतेच. जे आले नाहीत त्यांचीही एकदा करावी, आणि त्यांच्यापैकी कोणी केवळ पैशासाठी घरी राहिले असेल, तर त्याला घेऊन येईपर्यंत गाडी थांबवावी.