आजी, तू टोचतेस!

गेल्या महिन्यात नणंदेकडे बारसे होते. आदल्या दिवशी सासूबाई एकदम म्हणाल्या, "मी नाही येत, गुडघे दुखतात." कारण गुडघे नव्हतेच. दुपारी पापी घेताना आमचा धाकटा म्हणाला होता, "आजी, तू टोचतेस!" ते त्यांनी मनाला लावून घेतले. संध्याकाळी पाहते तो मोरीत मामंजींच्या दाढीचे पाते आणि यांच्या पदराला रक्त! रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने इवलासा ओरखडा, पण बराच वेळ दाबून धरावा लागला.

मला माझीच लाज वाटली. त्यांच्या गोळ्या, चष्मा सगळे बघते, पण हे नाही सुचले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, पुरुषी संप्रेरकांचा जोर त्या मानाने वाढतो आणि हनुवटीवर राठ केस येतात. नजर अधू, हात कापरा. स्वतःचे स्वतः काढणार कसे? आणि सुनेला सांगणार कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचे दार लावून घेतले, त्यांना विचारले आणि खिडकीशी उजेडात बसवले. माझी पद्धत अशी :

चारदोनच केस असतील तर चिमटा पुरे. तो स्पिरिटने पुसावा. कोमट पाण्यात पिळलेले फडके हनुवटीवर दोन मिनिटे ठेवावे. कातडी बोटांनी हलकेच ताणून एकेक केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने ओढावा. नंतर गार फडके आणि खोबरेल तेलाचा हलका हात.

केस पुष्कळ असतील, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर उपटण्यापेक्षा बोथट टोकाच्या कात्रीने कापावेत, नाहीतर चेहऱ्यासाठी मिळणारा बॅटरीवरचा ट्रिमर वापरावा. मी तेच केले, ओरखड्याची जागा सोडून. कापल्याने केस दाट होतात हा निव्वळ गैरसमज. टोक बोथट झाल्याने ते राठ लागतात इतकेच.

म्हाताऱ्या कातडीला वॅक्सिंग नको, सालपट निघते. केस काढायच्या क्रीमनेही भाजल्यासारखे होऊ शकते. तिळावरचा वा चामखिळीवरचा केस उपटू नये, कापावा. केस अचानक भराभर वाढले, आवाज घोगरा झाला किंवा तिळाचा रंग-आकार बदलला, तर डॉक्टरांना दाखवावे.

आरशात पाहून सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती मोरपंखी साडी काढ गं."

संध्याकाळी पाळणा त्यांनीच म्हटला. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी आमची खिडकीशी बैठक असते. तुमच्याही घरात कुणी हनुवटीवर पदर धरून बोलत असेल, तर चारचौघांत नको, पण एकदा हळूच विचाराच.