कोठीतले ऑफिस

जुन्या नाशकात, कथड्याच्या बाजूला आमचे घर. सात माणसे, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर पत्र्याचा माळा. गेल्या वर्षी सूनबाईला पुण्याच्या एका कंपनीत हिशेबाची नोकरी लागली, घरी बसून करायची. अल्हम्दुलिल्लाह, सगळ्यांना आनंद झाला, मोहल्ल्यात पेढे वाटले. ती बसणार कुठे, हे मात्र आम्ही कोणीच विचारले नाही.

पहिला महिना ती पलंगावर बसली, लॅपटॉप उशीवर ठेवून. पाठ धरली. मग ओट्याच्या टोकाशी बसू लागली, तर वरिष्ठांशी बोलणे चालू असतानाच मिक्सर सुरू झाला. एके दिवशी आमच्या अम्मी तस्बीह शोधत तिच्या मागून गेल्या आणि पडद्यावर चार परक्या पुरुषांना दिसल्या. "मला न विचारता माझा चेहरा दाखवलास?" म्हणून दिवसभर बोलल्या नाहीत. त्या रात्री सूनबाई म्हणाली, "अब्बा, राजीनामा देते. घरच लहान आहे, कोणाचा दोष नाही." नातवाच्या शाळेची फी तिच्या पगारातून जात होती.

घर लहान हे खरेच. पण घरात बसून कमावणे आपल्या जिल्ह्याला नवे आहे का? मालेगावात खाली यंत्रमाग आणि वर संसार, अशी किती घरे आहेत! सिन्नरच्या बिड्या वळणाऱ्या बायांचे तर सारे ऑफिस एका सुपात मावते. उन्हाबरोबर सूप उचलायचे आणि सावलीत सरकायचे. लॅपटॉपही उचलून नेता येतो, म्हणून त्याला जागा लागत नाही असे आपण धरून चालतो. पण बिडी वळताना शेजारणीशी बोलता येते, हिशेब जुळवताना येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फूटपट्टी घेऊन घर मोजले. माळ्यावरचा पत्रा एप्रिलमध्ये असा तापतो की माणूसच काय, पापडही करपेल. जिन्याखाली बसण्यापुरती उंची होती, पण उठताना डोके आपटत होते. जुन्या सराफांच्या मुनीमजींसारखी गादी आणि बुटके मेज तिथे चालले असते. आम्ही स्वतः तासभर बसून पाहिले, मग हात धरून उठवावे लागले. दर्शनी खोलीतल्या खिडकीशी अम्मींची जानमाज असते, तो विषयच नको.

उरली कोठी. स्वयंपाकघराला लागून, साडेतीन फूट रुंद आणि पाच फूट खोल. पूर्वी इथे वर्षाचा गहू भरत. आता आपण दहा किलोची पिशवी आणतो, तरी कोठी भरलेलीच होती: दोन देगी, गोधड्यांचे गाठोडे, बिघडलेला कूलर. अम्मी म्हणाल्या, "उद्या घरात शादी निघाली तर देगी कुठून आणाल?" गेल्या बारा वर्षांत त्या देगी चुलीवर चढलेल्या नाहीत. आम्ही वाद घातला नाही, गप्प बसलो.

रात्री इशाच्या नमाजनंतर त्याच बोलल्या. त्यांनी या घरात तीस वर्षे शिलाई केली. "माझं मशीन आलं तेव्हा तुझ्या अब्बांनी पाहुण्यांची खाट बाहेर काढली आणि मला खिडकी दिली. लोक हसले होते." सकाळी देगी नात्यातल्या एका मोठ्या घरी गेल्या, मागताक्षणी परत मिळण्याच्या बोलीवर.

बाकी काम दोन दिवसांचे. जुन्या दाराची फळी, अठरा इंच खोल, जमिनीपासून एकोणतीस इंचांवर लोखंडी कोनांवर बसवली. भिंत जुनी, पावसाळ्यात ओल धरते, म्हणून फळी आणि भिंत यांत दोन बोटे अंतर सोडले. दाराच्या वरची जाळी उघडली. लॅपटॉपच्या चार्जरला साधारण पासष्ट वॅट लागतात, म्हणजे छताच्या जुन्या पंख्याहूनही कमी. तरीही वायरमनकडून नवी तार आणि नीट अर्थिंग करून घेतले. जुन्या वायरिंगच्या घरात पैसे वाचवायचे तर फळीत वाचवा, इथे नको. राउटरला छोटा यूपीएस लावला. नदीकाठच्या सखल गल्लीत राहणाऱ्यांनी प्लग कमरेच्या उंचीवर घ्यावा. सप्टेंबर २००८ मध्ये सराफ बाजारात शिरलेले पाणी पुष्कळांना आठवत असेल.

खुर्ची आम्ही दाराकडे तोंड करून ठेवली. त्यामुळे कॅमेऱ्यात तिच्या मागची कोरी भिंत तेवढी दिसते आणि अम्मी घरभर निर्धास्त फिरतात. खिडकी नाही, म्हणून दिवा समोरून, जरा बाजूने लावला. मागे दिवा असला की चेहरा काळा दिसतो. दाराला पडदा आहे. तो खाली असला की सूनबाई कामावर, मग दूधवाल्याचे पैसेसुद्धा तिला विचारायचे नाहीत. हे शिकायला फळी बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले, आणि सर्वांत उशिरा शिकले आमचे चिरंजीव.

राजीनामा राहिला. सध्या वेगळेच भांडण आहे. धाकटीचे यंदा दहावीचे वर्ष, तिला संध्याकाळी सहानंतर कोठी हवी आहे. सूनबाई म्हणते, महिनाअखेरीस आठपर्यंत सुटका नाही. अम्मींनी आपल्या नमाजच्या वेळा सोडून खिडकी देऊ केली आहे, पण धाकटीला पडदाच हवा.