गिरमिटाचा धडा
ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. मळेवाल्यांची मजुरांची भूक मात्र तशीच राहिली. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांचे जहाज मॉरिशसला पोहोचले. पुढे त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथील उसाच्या मळ्यांवर लाखो माणसे गेली. ‘ॲग्रिमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. करार बहुधा पाच वर्षांचा, संमती मजुराचीच. पण काम नाकारल्यास दिवाणी दावा नव्हे, तुरुंग! गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली ही पद्धत बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमतापुढे तो टिकला नाही. भरती थांबण्यास १९१७ साल उजाडावे लागले.

गोखल्यांच्या महाराष्ट्राने हा इतिहास परका मानू नये. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. तरीही बीडकडील ऊसतोड कामगार उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत मुकादमाशी बांधलेला राहतो. येथे तर अनेकदा कराराचा कागदही नसतो. मजुराने होकार दिला होता, एवढ्याने कोणताही करार न्याय्य ठरत नाही. काम सोडून जाण्याची वाट त्याला मोकळी आहे काय, हीच खरी कसोटी होय. ती वाट मोकळी ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे.