समितीच्या कुलपाची किल्ली

विधेयकाचा पराभव मतदानाने होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात असंख्य विधेयके मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत. समितीच्या दप्तरातच त्यांची इतिश्री होते. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात तर नेतृत्वाची मर्जी नसेल, तर सभागृहाचे बहुमत लाभू शकणारे विधेयकही अडवता येते.

१९१० मध्ये सभापती जोसेफ कॅनन यांच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध त्यांच्याच पक्षातील काहींनी बंड पुकारले. त्याच वर्षी ‘डिस्चार्ज पिटिशन’चा नियम जन्मास आला. आजच्या नियमानुसार, समितीकडे जाऊन कामकाजाचे ३० दिवस उलटलेले विधेयक बाहेर काढण्यासाठी कोणीही सदस्य अर्ज दाखल करू शकतो. ४३५ पैकी २१८ सह्या झाल्या, की विधेयकाचा सभागृहातील मार्ग मोकळा होतो. तरीही असे अर्ज क्वचितच यशस्वी होतात, कारण सत्तापक्षाच्या सदस्याने सही करणे म्हणजे स्वपक्षाच्या नेतृत्वाला उघड आव्हान देणे. १९९३ पर्यंत सह्या गुप्त असत. मतदारांपुढे विधेयकाचे गोडवे गायचे आणि आत सही टाळायची, ही सोय तेव्हा उत्तम होती!

मात्र धाकानेही काम होते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे विधेयक नियम समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ यांनी रोखून धरले होते. इमॅन्युएल सेलर यांच्या अर्जावर २१८ सह्या झाल्या नाहीत. पण वाढता दबाव पाहून स्मिथ नमले आणि १० फेब्रुवारी १९६४ रोजी ते २९० विरुद्ध १३० मतांनी संमत झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये एपस्टीन प्रकरणाच्या कागदपत्रांविषयीच्या अर्जाला २१८ वी सही मिळाली. सहा दिवसांनी विधेयक ४२७ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. म्हणजे बहुमत होतेच, त्याला वाट नव्हती.

सह्यांच्या बळावरील अशी वाट भारतीय संसदेत नाही. परंतु तो नियम उचलून आणल्याने काय साधेल? महिला आरक्षण विधेयकावर गीता मुखर्जी यांच्या समितीने १९९६ मध्ये काही महिन्यांतच अहवाल दिला होता. तरीही कायदा होण्यास २०२३ उजाडले. येथील अडसर समितीच्या दाराशी नाही. कामकाजाची विषयपत्रिका मुख्यत्वे सरकार ठरवते, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच पणाला लागते. खासगी सदस्याच्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाल्याचा शेवटचा प्रसंग १९७० मधला आहे.