मुक्कामी गाडी आणि श्वासाची परीक्षा

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचे गाव आहे. घटकाभर अशी कल्पना करा, की तुम्ही उमापूरला राहता आणि गेवराईच्या शाळेत जाता. सकाळी सहाच्या एस.टी.ने निघावे लागते. ही गाडी आदल्या रात्रीच गावात येऊन उभी राहिलेली असते. शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे, की अशा गाडीला 'मुक्कामी गाडी' म्हणतात. चालक आणि वाहक रात्री गावातच झोपतात, कधी गाडीतल्या बाकावर, तर कधी ग्रामपंचायतीने दिलेल्या एखाद्या खोलीत. पहाटे उठून तोंड धुतात, हॉटेलात चहा घेतात आणि गाडी काढतात. मागे तुम्ही चाळीस-पन्नास जण दप्तरे मांडीवर घेऊन बसलेले असता.

त्या चालकाने रात्री दारू घेतली होती की नाही, हे कोणी पाहिले? बहुतेक चालकांनी घेतलेली नसते, हे आधीच सांगून टाकतो. रोज शेकडो खेड्यांतून ही मंडळी माणसे सुखरूप पोचवतात. पण आपला प्रश्न माणसाच्या चांगुलपणाचा नाही, मोजमापाचा आहे. विमानाच्या वैमानिकाला आपल्या देशात उड्डाणापूर्वी नळीत फुंकर मारून दाखवावी लागते. त्याच्या श्वासात मद्यार्क शून्य असावा लागतो आणि उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत त्याने दारूला स्पर्शही करायचा नसतो. रेल्वेच्या इंजिनचालकांची कामावर रुजू होताना अशीच परीक्षा होते. एस.टी.च्या आगारांतही चालकांच्या तपासण्या होतात. आगार मात्र गेवराईला, आणि गाडी उभी आहे उमापूरला! ज्या चालकाने आख्खी रात्र एकट्याने, कोणाच्या देखरेखीशिवाय काढली, त्यालाच सकाळी तपासायला कोणी नाही. मला ही गोष्ट उलटी वाटते.

आता श्वासावरून दारू कशी कळते ते पाहू. दारूतील मुख्य द्रव्य म्हणजे इथिल अल्कोहोल, अर्थात मद्यार्क. तो पोटातून आणि आतड्यांतून सरळ रक्तात जातो. रक्त फुप्फुसांत येते. तेथील लक्षावधी वायुकोशांच्या भिंती इतक्या पातळ असतात, की रक्तातला थोडा मद्यार्क वाफ होऊन हवेत उतरतो. पाण्यात विरघळलेल्या वायूचे आणि त्यावरच्या हवेतल्या वायूचे ठराविक तापमानाला ठराविक प्रमाण असते, हा हेन्रीचा नियम तुम्ही पुढे शिकाल. इथे तोच लागू पडतो. सर्वसाधारणपणे असे धरतात, की १ मिलिलिटर रक्तात जेवढा मद्यार्क असतो, तेवढाच फुप्फुसाच्या तळाकडून आलेल्या २१०० मिलिलिटर श्वासात असतो.

हिशेब करून पाहा. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा दिलेली आहे. त्याहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा होतो. १ मिलिलिटर रक्तात ०.३ मिलिग्रॅम झाले. तेवढाच मद्यार्क २१०० मिलिलिटर श्वासात, म्हणजे १ लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅमचा सातवा भाग! साखरेचा एक बारीक कण याहून जड भरेल. इतकी सूक्ष्म वस्तू मोजणारे यंत्र चालकाच्या पोटावर पाय देऊ शकते, हेही लक्षात ठेवा. त्याकडे पुढे येऊच.

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ साली असे सुटसुटीत यंत्र बनवले. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण सल्फ्यूरिक आम्लात मिसळून ठेवलेले असे. श्वासात मद्यार्क असला, की नारिंगी रंग उतरून हिरव्याकडे झुके. रंग किती उतरला हे प्रकाशविद्युत घट मोजत असे. आजच्या चांगल्या यंत्रांत द्रावण नसते, इंधनघट असतो. प्लॅटिनमच्या पत्र्यावर मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल होते (व्हिनेगरमध्ये असते तेच) आणि इलेक्ट्रॉन मोकळे होऊन वीजप्रवाह वाहू लागतो. मद्यार्क जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. म्हणजे चालक स्वतःच्याच श्वासाने यंत्राची विजेरी पेटवतो म्हणा ना!

मग गोम कुठे आहे? ती रात्रीच्या झोपेत आहे. 'रात्री घेतली, झोप झाली, सकाळी उतरली' असे मोठी माणसे म्हणताना तुम्ही ऐकले असेल. यकृत मात्र आपल्या गतीनेच काम करते. साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तातला सुमारे १५ मिलिग्रॅम मद्यार्क नाहीसा होतो. थंड पाण्याने आंघोळ करा, कडक चहा प्या, लिंबू चोखा, ही गती वाढत नाही. समजा, एखाद्या चालकाच्या रक्तात रात्री ११ वाजता हे प्रमाण १५० होते. सकाळी ६ वाजेपर्यंत ७ तास झाले. सात पंधरे एकशे पाच. उरले ४५. कायद्याची मर्यादा ३०. चालक दाढी करून, स्वच्छ खाकी कपडे घालून उभा आहे, बोलणे नीट आहे, त्याला स्वतःलाही ताजेतवाने वाटते आहे, आणि तरीही तो कायद्याच्या रेषेपलीकडे आहे. ७ वाजता तो रेषेवर येईल आणि शून्यावर यायला ९ वाजतील. यकृताची गती माणसागणिक वेगळी असते. १० च्या गतीने सकाळी ६ वाजता ८० उरतील, तर २० च्या गतीने फक्त १०. म्हणूनच घड्याळ पाहून अंदाज करणे हा चालकाच्या दृष्टीनेही जुगार आहे. मोजून पाहणे हाच उपाय.

नाकाने ओळखता येणार नाही का? 'तोंडाला वास येत होता' ही साक्ष आपल्याकडे फार जुनी. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात डॉक्टरांनी वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यालेला ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले, की रक्ताची वा लघवीची तपासणी झालेली नसताना केवळ एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. मला हा निकाल विज्ञानाच्या बाजूचा वाटतो. वास मद्यार्काचा कमी आणि दारूतल्या इतर द्रव्यांचाच जास्त असतो. वासावरून ३० आणि ४५ यांतला फरक कोण सांगणार?

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. जो माणूस दुसऱ्यांचे प्राण हातात घेऊन यंत्र चालवतो, त्याची कामापूर्वी श्वासपरीक्षा झालीच पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. रस्त्यावरच्या पोलिसाची गाठ पडेपर्यंत थांबायचे, तर तोवर गाडी गेवराईच्या अर्ध्या वाटेवर पोचलेली असेल.

पण परीक्षा म्हटली, की ती प्रयोगासारखी व्हायला हवी, आणि इथे मी चालकांच्या बाजूने बोलणार आहे. प्रयोगशाळेत तराजू वापरण्यापूर्वी तुम्ही काटा शून्यावर आहे का पाहता ना? या यंत्रालाही आधी स्वच्छ हवेत शून्य दाखवता आले पाहिजे, आणि ठराविक मुदतीने माहीत असलेल्या प्रमाणाच्या मद्यार्काने त्याची पारख झाली पाहिजे. दुसरे असे, की खोकल्याच्या काही औषधांत, काही होमिओपॅथिक थेंबांत, तोंड धुण्याच्या काही द्रवांत मद्यार्क असतो. औषध घेऊन लगेच फुंकर मारली, तर यंत्र तोंडातला मद्यार्क मोजेल, रक्तातला नव्हे. तो पंधरा-वीस मिनिटांत निघून जातो. म्हणून पहिल्या फुंकरीत आकडा आला, तर चूळ भरायला लावून, पंधरा-वीस मिनिटे थांबून दुसरी फुंकर घ्यावी. वैमानिकांना ही सवलत मिळते. मग एस.टी.च्या चालकाला का नको? दोन्ही वेळा आकडा आला आणि चालकाला तो मान्य नसला, तर त्याला रक्ततपासणी मागता आली पाहिजे.

यंत्राच्या किमतीचाही प्रश्न आहे. बाजारात स्वस्त यंत्रे मिळतात. त्यांत टिन ऑक्साइडचा अर्धवाहक बसवलेला असतो. तो मद्यार्काला प्रतिसाद देतो, तसाच ॲसिटोनलाही देतो. मधुमेह बळावलेल्या किंवा दीर्घ उपवास घडलेल्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन असतो. म्हणजे ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, तो आजारी चालक स्वस्त यंत्रापुढे दारुडा ठरायचा! मालकाने चार पैसे वाचवायचे आणि त्याची किंमत कामगाराने पगारातून मोजायची, हा न्याय नव्हे.

आणखी एक गंमत पाहा. उसाच्या मळीपासून मद्यार्क बनतो, आणि आता तो पेट्रोलमध्येही मिसळला जातो. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याच्या आवारात, पेट्रोल भरण्याच्या जागी, किंवा सॅनिटायझर चोळलेल्या हातांनी यंत्र धरून परीक्षा घेतली, तर हवेतलीच वाफ यंत्रात जाण्याची भीती असते. परीक्षेची जागा मोकळ्या हवेत आणि अशा वस्तूंपासून दूर हवी.

सगळ्याच कामगारांची परीक्षा घ्यावी का? मला तसे वाटत नाही. कारकुनाने टंकलेखनात चूक केली तर खोडता येते. ट्रॅक्टर, बस, बाष्पित्र, जिनिंगचे यंत्र, उंचावरचे काम या ठिकाणची चूक खोडता येत नाही. आणि जिथे परीक्षा घ्यायची, तिथे साहेबानेही फुंकर मारावी. साहेबाला वगळून केलेली तपासणी कामगारांना अपमान वाटली, तर मी त्यांना दोष देणार नाही.

ऊसतोडणीच्या दिवसांत प्रश्न अधिक बिकट होतो. गेवराई तालुक्यात गढीला साखर कारखाना आहे. हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. या चालकाला काम देणारा कोण? ट्रॅक्टरचा मालक, मुकादम की कारखाना? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. मला विचाराल, तर वजनकाट्यापाशी प्रत्येक ट्रॅक्टर थांबतोच. तिथे उसाचे वजन किलोपर्यंत मोजले जाते. चालकाचा श्वास मोजायला मिनिटही लागत नाही. मात्र या यंत्राला झोप मोजता येत नाही. दोन रात्री जागलेला चालक शून्य आकडा दाखवूनही चाकावर डुलकी घेईल. म्हणून यंत्र आणून भिंतीवर टांगले, की मालक मोकळा झाला, असे होत नाही. मुक्कामी चालकाला डासांपासून सुटका आणि पाठ टेकायला नीट जागा देणे हाही याच कामाचा भाग आहे.

उमापूरच्या गाडीचे काय करायचे? फ्रान्समध्ये प्रवासी बसगाड्यांना श्वासकुलूप लावलेले असते. चालकाने नळीत फुंकर मारल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. आपल्या मुक्कामी गाड्यांना आधी ते बसवावे, असे मला वाटते. तोपर्यंत वाहकाजवळ एक चांगले यंत्र आणि एक वही द्यावी. सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी चालकाने फुंकर मारायची, वाहकानेही मारायची, आणि दोघांचे आकडे वेळेसह वहीत लिहायचे.

अशी व्यवस्था झाली, तर एखाद्या सकाळी असे घडेल, की दोन्ही फुंकरींत आकडा येईल आणि सहाची गाडी सुटणार नाही. गेवराईहून दुसरा चालक यायला वेळ लागेल. तुमचा पहिला तास बुडेल, कदाचित चाचणी परीक्षाही. थांब्यावर लोक चिडतील, 'एवढ्याने काय होते, सोडा गाडी' म्हणतील, आणि तो चालक मान खाली घालून उभा असेल. त्या वेळी थांब्यावर तुम्ही काय म्हणाल, ते मला कळवा.