चकती आणि डेड स्टॉक

मागच्या पेरणीत आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याचं काम मूर्तिजापूरच्या अलीकडे अडलं. ट्रॅक्टर होता, बियाणं होतं, वाफसाही होता. अडलं ते तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या चकतीपायी. टोकण यंत्राच्या पेटीत ही चकती फिरते. तिच्या कडेला घरं असतात, एकेका घरात एकेक दाणा अडकतो आणि नळीतून खाली पडतो. सोयाबीनच्या चकतीची घरं वेगळी, तुरीची वेगळी, हरभऱ्याची आणखी मोठी. याच्या चकतीची तीन घरं तुटली होती. त्यामुळे तासात मधेमधे हातभर जागा रिकामी सुटायची.

दुकानदार म्हणाला, पूर्ण सेट मागवावा लागेल, आठ दिवस धरा. काळ्या जमिनीत वाफसा आठ दिवस थांबत नाही. आज पाय रुततो, परवा तीच जमीन ढेकळं धरते. तिसऱ्या दिवशी गड्यानं आडोशाला पडलेली जुनी तिफन काढली, सरते बांधले, घरच्या बाया मूठ धरायला मागे चालल्या आणि आजोबाच्या काळासारखी पेरणी झाली. मला फोनवर म्हणाला, “एका चकतीपायी लाखाचं यंत्र धुऱ्यावर उभं राहिलं ना भाऊ!”

तुटकी चकती मी अकोल्याला एका लेथवाल्याकडे नेली. माणूस हुशार. चकती उजेडात धरून दोनदा फिरवली आणि म्हणाला, पन्नास हव्या असतील तर करतो, एक परवडत नाही. त्याचंही बरोबर होतं. प्लास्टिकचा साचा एका नगासाठी कोणी पाडत नाही. आणि शेतकऱ्याची गरज नेहमी एकाच नगाची असते.

जगभरच्या ग्रंथालयांत गेल्या काही वर्षांत ज्याला मेकरस्पेस म्हणू लागलेत, ती खोली या एका नगासाठीच असते. त्रिमितीय छपाईचं यंत्र, लेझरनं प्लाय कापणारं यंत्र, शिलाई मशीन, सोल्डरिंग आयर्न, चार पाने-पक्कड आणि शिकवायला एक माणूस. मोजमाप घ्यायचं, संगणकावर आकृती काढायची, यंत्राला द्यायची. पहिला नमुना बिघडतो, दुसरा जवळपास जमतो, तिसरा बसतो. यासाठी साचा लागत नाही आणि पन्नास गिऱ्हाइकंही लागत नाहीत.

अशी यंत्रं आपल्याकडे नाहीत असं समजू नका. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या अटल टिंकरिंग लॅबना केंद्र सरकार शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान देतं, तिथेही आहेत. पण यंत्र असणं वेगळं आणि ते आपल्यासाठी असणं वेगळं. तीच चकती खिशात घालून मी एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या फाटकाशी गेलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही फाटकावर वेगळं काही घडलं नसतं. चौकीदारानं विचारलं, “कोन्या डिपार्टमेंटले जाचं हाय?” मी म्हटलं, डिपार्टमेंट नाही, एक वस्तू बनवायची आहे. त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. त्याच्या वहीत ‘कोणाकडे’ असा रकाना होता, ‘कशासाठी’ असा नव्हता.

चौकीदारावर राग काढण्यात अर्थ नाही. आतल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखावरही नाही. त्याच्या कपाटात एक लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर असतं. त्याचं नाव डेड स्टॉक रजिस्टर. यंत्र आलं की त्यात नोंद, वर्षाकाठी पडताळणी, ऑडिट आलं की पुन्हा पडताळणी. यंत्र वापरून बिघडलं तर खुलासा लिहावा लागतो. न वापरता गंजलं तर कोणी विचारत नाही, कारण मोजताना ते जागेवर असतं. मग शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. पगारातून वसुली होण्याची भीती ज्यानं एकदा अनुभवली, तो दार उघडं ठेवत नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळा माणसांच्या कद्रूपणामुळे नाही, या रजिस्टरामुळे बंद आहेत.

म्हणूनच ही मेकरस्पेसची खोली अभियांत्रिकीच्या विभागात नको, विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवी, असं माझं म्हणणं आहे. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत. वाचायला कंटाळवाणे, पण त्यांत ग्रंथालयांविषयी एक कलम फार माणुसकीचं आहे. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते नुकसान वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. हजार रुपयांहून महाग पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करावी. वस्तू वापरली की झिजते, फाटते, क्वचित नाहीशी होते, हे सरकारनं इथे लेखी कबूल केलं. हे औदार्य आभाळातून पडलं नाही. एके काळी युरोपात पुस्तकं साखळीनं मांडणीला बांधून ठेवत. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, तेव्हा त्या साखळ्यांचा इतिहास मुद्दाम सांगितला होता. पुस्तकाची साखळी तुटायला काही शतकं लागली. यंत्राची अजून तुटायची आहे, आणि साखळी तोडण्याची सवय विद्यापीठात कोणाला असेल तर ती ग्रंथपालालाच.

परदेशात ग्रंथालयांनी हे केलेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल गावच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०११ च्या सुमारास अशी खोली काढली. ते ग्रंथालय आहे जुन्या फर्निचरच्या कारखान्याच्या इमारतीत, म्हणजे भिंतींना रंध्याची सवय होतीच. पुढच्याच वर्षी नेवाडा राज्यात रीनोच्या विद्यापीठाच्या डेलामेअर ग्रंथालयानं त्रिमितीय छपाईची यंत्रं वाचनकक्षातच मांडली. विभागाचे विद्यार्थी असोत की बाहेरचे लोक, सगळ्यांसाठी. हेलसिंकीत डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी ग्रंथालयाचा वरचा मजला पुस्तकांचा आहे आणि मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, छपाई यंत्रं आणि स्टुडिओ आहेत. फिनलंड श्रीमंत देश आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता पाबळला येतो.

पुणे जिल्ह्यातलं शिरूर तालुक्यातलं पाबळ हे पावसानं वाळीत टाकलेलं गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये तिथे राहायला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली पोरं घेऊन हातानं काम करत विज्ञान शिकवायचं, हा त्यांचा बेत. त्याच वर्षी इकडे अमरावती विद्यापीठ स्थापन झालं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. जीपचे जुने सुटे भाग वापरून आश्रमानं ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर केला. मग अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांनी २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब, म्हणजे अशीच एक उघडी कार्यशाळा, उभी केली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी ही एक. दुधाची प्रत कशी मोजायची, डिझेल इंजिनचं टायमिंग कसं तपासायचं, असल्या गावच्या प्रश्नांवर तिथे काम सुरू झालं. पुढे फॅब लॅबचं जाळं जगभर पसरलं. त्याच्या मुळाशी एक कोरडं मराठी गाव आहे.

आता आपल्या घरचं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला (स्थापना १९६९) बाहेरच्या माणसासाठी दार उघडणं नवीन नाही. पावसाळा ओसरता ओसरता शिवारफेरी असते. शेतकरी गाड्या भरून येतात, वाणांसमोर उभे राहून शास्त्रज्ञांशी वाद घालतात, बांधावरच शिदोरी सोडतात. याच विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भातल्या कितीतरी बचत गटांनी घेतली. तूर इथे पिकायची आणि डाळ पाडायला मोठ्या गिरणीत जायची. त्या यंत्रानं डाळ गावात आणली. पण दाल मिल विद्यापीठानं केली आणि शेतकऱ्यानं घेतली. फेरीत तो पाहतो, विचारतो, परत जातो. हत्यार त्याच्या हातात येत नाही.

हत्यार हातात देणारी खोली अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोभेल. त्याला डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यापीठांच्या ग्रंथालयांना ‘ज्ञानस्रोत केंद्र’ हे नाव दिलं, आणि नवोपक्रमासाठी वेगळा संचालकही. जिचकार म्हटलं की आपल्याला पदव्यांची रांग आठवते. मला त्यांचा दुसरा गुण आठवतो, एका विषयाच्या कुंपणावरून दुसऱ्यात उडी मारण्याचा. डॉक्टर झाले, वकील झाले, आमदार-मंत्री झाले, संस्कृतात शिरले. त्यांच्या नावाच्या इमारतीत ‘तुमचं डिपार्टमेंट कोणतं’ हा प्रश्न विचारला जाऊ नये. नवोपक्रमाच्या कार्यालयात चकती घेऊन गेलो तर ते मला स्टार्टअप काढा म्हणतील, बिझनेस प्लॅन मागतील. चकतीवाल्याला कंपनी काढायची नसते हो, पेरणी करायची असते.

त्रिमितीय छपाईच्या यंत्रांचं कौतुक करताना एक सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी हौसेनं छापून नेईल आणि मला शिव्या देईल. या छपाई यंत्रांत सर्वांत सोपं आणि स्वस्त प्लास्टिक पीएलए नावाचं. मक्याच्या स्टार्चपासून होतं, वास कमी, छपाई छान. पण साठेक अंश तापमानाला ते मऊ पडतं. अकोल्याचा मे महिना सावलीत पंचेचाळीस गाठतो. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या पत्र्यावर ती चकती ठेवून बघा, दुपारपर्यंत पापड होईल. आपल्याकडे पीईटीजी किंवा नायलॉन लागेल. शिवाय हे यंत्र रेंगाळतं. थराची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, तळहाताएवढ्या वस्तूला काही तास. यंत्र गुणगुणत बसतं आणि आपण शेजारच्या कपाटातलं पुस्तक काढून वाचत बसतो. ग्रंथालयात ते असण्याची ही आणखी एक सोय.

कोणी म्हणेल, आपल्याकडे लोहाराचा भाता होताच की. होता. पेरणीआधी वखराची पास घेऊन शेतकरी जायचा आणि लोहार त्यालाच भाता हलवायला बसवायचा. घण मारायलाही लावायचा. गिऱ्हाईक अर्धा कारागीर व्हायचं. ती उघडी कार्यशाळाच होती. पण त्या भात्यापाशी बाई बसलेली मी कधी पाहिली नाही, आणि सगळ्या जातींच्या माणसांना तिथे सारख्याच जवळ बसता येत असेल, असंही कोणी सांगू नये. सरत्यावर मूठ धरून पेरणी बाईनं करायची आणि सरता बनवायचा-सुधारायचा पुरुषांनी, अशी ती वाटणी. डवरणी-निंदणीत कंबर मोडणाऱ्या बाईनं खुरप्याची मूठ स्वतःच्या हाताच्या मापानं घडवली असती तर ती कशी दिसली असती, हे आपल्याला कळलंच नाही. म्हणून मला जुना भाता परत नको, नवी खोली हवी. तिच्यात शिलाई मशीन पहिल्या दिवसापासून हवं, कोपऱ्यात शोभेला नाही, छपाई यंत्राच्या बरोबरीनं.

अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये गाडगेबाबांचं नाव लागलं. बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या ज्यांना दुसरीकडे उतरू देत नसत त्यांच्यासाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. धर्मशाळेला नियम असतात. कोणीही उतरावं, पण जागा झाडून जावं. या खोलीला याहून जास्त नियमावली लागत नाही. ओळखपत्र म्हणून आधार चालेल, वाचक म्हणून नाममात्र अनामत घ्या, प्लास्टिक वजनावर विका. यंत्राला हात लावण्याआधी एक दिवस शिकवा, लेझरचा तर पक्का परवाना द्या, डोळ्यांचा प्रश्न आहे. छपाई यंत्राचे नोझल, बेल्ट, सुया, पाती यांची नोंद डेड स्टॉकात नको, खपाच्या वस्तूंत करा. आणि वर्षाकाठी काही बिघडलंच नाही तर ग्रंथपालाकडून खुलासा मागा, की बाबा, खोली बंद होती काय?

अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नाव घातलं गेलं. त्या रस्त्यानं मी चकती घेऊन जातो-येतो, झकास आहे. तेव्हा मनुष्यबळ नाही, यंत्रसामग्री नाही, ही कारणं वऱ्हाडात कोणी सांगू नयेत.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. सायंकाळी सहानंतर आणि रविवारी ही खोली उघडी नसेल तर मजुरी बुडवून कोणी येणार नाही. आणि वर्षातला तिचा खरा हंगाम पेरणीच्या आधीचा. चकत्या, सरते, पंपाचे नोझल हे सगळं मे महिन्यात काढून तपासायचं असतं, मृग लागल्यावर नाही. गेल्या आठवड्यात त्या शेतकऱ्याला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, “मे मंदी तं त्यायले सुट्या असतीन ना?”

— धुरकरी